अ‍ॅमस्टरडॅमच्या नहरीत संध्याकाळचं जेवण : बोट घ्या, ताट सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वी तालुक्यातल्या एक शिक्षिका मे महिन्याच्या सुट्टीत आई-बाबूजी आणि नवऱ्यासोबत युरोपच्या ग्रुप टूरला निघाल्या आहेत. आई-बाबूजींच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात. टूरवाल्याने अ‍ॅमस्टरडॅमला 'इव्हिनिंग कॅनॉल क्रूझ, डिनर आणि ड्रिंक्ससह' असा ऐच्छिक कार्यक्रम ठेवला आहे, माणशी 110 युरो. आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबूजी कधीमधी थोडी घेतात, पण आईसमोर नाही. हे पैसे भरावेत का, असं त्या विचारतात.

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. बोटीत बसा, नक्की बसा. जेवण मात्र बोटीवर घेऊ नका. मी वऱ्हाडातले ग्रुप घेऊन बऱ्याच वर्षांपासून तिकडे जातोय. या कार्यक्रमावर खूश होऊन उतरलेले लोक पाहिलेत, तसे उतरल्याबरोबर "आता जेवाचं कुठं?" असं विचारणारेही पाहिलेत. दुसऱ्या प्रकारात तुमच्या आई-बाबूजींच्या वयाची माणसं जास्त असतात.

पैशाचा हिशोब सांगून टाकतो. चौघांचे 440 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर 44 हजार. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आहे, म्हणजे हा साधारण साडेपाच क्विंटल कापूस झाला. त्याच नहरीतून, जवळपास त्याच रस्त्याने, तासाभराची साधी फेरी माणशी 15 ते 20 युरोंत होते. भारतीय हॉटेलात पोटभर जेवण माणशी 20-25 युरोंत होतं. दोन्ही मिळून चौघांचं 140 ते 180 युरोंत भागतं. वरचे 260 ते 300 युरो कशाचे, एवढंच बघायचं आहे. मेणबत्ती लावलेलं टेबल, चार टप्प्यांचं पाश्चात्त्य जेवण, वाइन, आणि तासाऐवजी दोन-सव्वादोन तासांची फेरी. यातलं तुमच्या घरच्यांच्या कामाचं किती, ते एकेक करून बघू.

सगळ्यात मोठी गोष्ट उजेडाची आहे, आणि नेमकी तीच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. फोटोत काळं पाणी दिसतं, पुलांच्या कमानींवर दिव्यांच्या माळा असतात, त्यांची पाण्यात प्रतिबिंबं असतात. ते सगळं खरं आहे, पण तो फोटो हिवाळ्यातला असतो. आर्वीला मे महिन्यात सात वाजेपर्यंत सूर्य बुडतो. अ‍ॅमस्टरडॅमला मेच्या मध्यात तो साडेनवाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये दहाला. त्यानंतरही अर्धा-पाऊण तास चांगलं दिसतं. जेवणाच्या बोटी बहुतेक साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान सुटतात आणि नऊ-साडेनऊला परत लागतात. म्हणजे मे महिन्यात तुमची पूर्ण 'रात्रीची' फेरी लख्ख उजेडात होणार. पुलांचे दिवे लागायच्या आत तुम्ही उतरून बसकडे चालू लागलेल्या असाल.

हेच डिसेंबरमध्ये उलटं असतं. तिथे साडेचारलाच सूर्य बुडतो, त्यामुळे सातच्या बोटीला पूर्ण अंधार आणि सगळे दिवे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत तिथे प्रकाशाचा महोत्सवही असतो, पाण्याच्या काठाने मोठमोठ्या प्रकाशाच्या कलाकृती मांडतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनाही बऱ्यापैकी अंधार मिळतो, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात आणि मग सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. तुम्ही शाळेच्या माणूस, दोन्ही सुट्ट्या तुमच्याकडे आहेत. पुन्हा कधी दोघंच गेलात तर हे लक्षात ठेवा.

मे महिन्यातला उजेड वाईट असतो असं मात्र नाही. उलट सातनंतर ऊन तिरपं येतं आणि विटांच्या घरांवर पडतं तेव्हा ते शहर सगळ्यात सुंदर दिसतं. पण ते बघायला मान वर लागते, ताटाकडे नाही. बोट पाण्याला अगदी टेकून चालते, तुमचे डोळे काठाच्या भिंतीएवढ्या उंचीवर असतात. घरं बघायची तर काचेच्या छतातून वर बघावं लागतं. जेवणाच्या बोटीवर नेमकं सूप समोर येतं तेव्हाच हेरेनग्राख्ट नावाच्या नहरीचं, श्रीमंतांच्या वाड्यांचं वळण येतं, आणि अर्धी मंडळी चमचा कुठला धरायचा या विचारात असतात.

आता बसची गोष्ट. हे ग्रुप टूरमधलं खरं गणित आहे. युरोपात बसच्या ड्रायव्हरला दिवसाला 9 तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर 10. त्याला रोज सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते. आठवड्याच्या दोन सुट्ट्यांच्या मध्ये तीनदा ती 9 तासांवर आणता येते, त्याहून खाली नाही. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं आणि पोलिस ते तपासतात. "भाऊ, दहा मिनिटं थांब ना," ही आपली भाषा तिथे चालत नाही. सकाळी आठला क्यूकेनहॉफच्या ट्यूलिप बागेकडे निघालेल्या ड्रायव्हरला रात्री साडेनऊला बोटीच्या धक्क्याशी उभं करायचं तर दुसऱ्या दिवशीचा अख्खा कार्यक्रम उशिरा सुरू करावा लागतो. टूरवाले ते करत नाहीत. मग होतं काय, तर 'इव्हिनिंग क्रूझ' साडेचार-पाचला होते आणि 'डिनर' साडेसहाला संपतं. कागदावर संध्याकाळ, आपल्या हिशोबाने चहाची वेळ.

म्हणून टूरवाल्याला एकच गोष्ट लेखी विचारा : बोट किती वाजता सुटते आणि कुठल्या धक्क्यावरून. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं तरी चालेल, पण आकड्यात यायला पाहिजे. "संध्याकाळी" हे उत्तर नव्हे.

आणखी एक. 2024 पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या आतल्या वर्तुळात साडेसात टनांपेक्षा जड पर्यटक बसना बंदी आहे. पूर्वी बस मुख्य रेल्वे स्टेशनच्या आसपास उतरवायची, तिथून धक्का दोन पावलांवर असायचा. आता वर्तुळाबाहेर उतरून ट्रामने किंवा पायी यावं लागतं. बाबूजींचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, पण जेवण झाल्यावर, थंडीत, दगडी रस्त्यावरून एक-दीड किलोमीटर चालणं हा त्या 110 युरोंचाच भाग आहे असं समजा. चालताना लाल डांबराच्या पट्ट्यावर पाय ठेवू नका, तो सायकलींचा रस्ता आहे. फोटो काढायला आपली माणसं नेमकी तिथेच उभी राहतात आणि सायकलवाले ब्रेक मारत नाहीत, घंटी मारतात.

जेवणाचं आता थोडं सविस्तर, कारण आई माळकरी आहेत.

या बोटींवर बहुधा स्वयंपाक होत नाही. काठावरच्या स्वयंपाकघरात तयार झालेलं अन्न डब्यांतून चढवतात, बोटीवर गरम करून वाढतात. त्यामुळे "मॅडमना अंडं नको" हे वाढप्याला बसल्यावर सांगून काही उपयोग नसतो, त्याच्या हातात काहीच नसतं. निदान दोन दिवस आधी कळवावं लागतं, आणि ग्रुपमध्ये तो निरोप टूरवाल्याकडून एजंटकडे, एजंटकडून बोटवाल्याकडे असा जातो. वाटेत कुठेतरी तो गळतो.

नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर तुमच्या हिशोबाने ते पुरेसं नाही. त्यांच्या शाकाहारात अंडं असतं, चीज असतं. पारंपरिक डच चीज लावायला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. गोड पदार्थात पन्नाकोटा किंवा मूस असेल तर त्यात जिलेटिन असू शकतं. म्हणून माळकरी, जैन, किंवा अंडं न खाणाऱ्या माणसासाठी मी सरळ 'व्हीगन' लिहून देतो. त्यात दूध-तूपही सोडावं लागतं, पण मनात किंतु राहत नाही. मग ताटात येतं काय? बहुतेक वेळा भाजलेल्या भाज्या, बीट, मशरूम घातलेला भात, वरून चार हिरवी पानं. एका काकूंनी चव घेऊन मला विचारलं होतं, "भाऊ, कोहळं उकडलं अन् तसंच आणलं काय?" आता त्या स्वयंपाक्याचा तरी काय दोष? तो त्याच्या पद्धतीने उत्तमच करतो. पण ज्या जिभेला आयुष्यभर ठेचा अन् झणझणीत वरण लागलं, तिला तिथे काही सापडत नाही.

घरून जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. वनस्पतीचे कोरडे पदार्थ नेता येतात. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत, सापडले तर काढून घेतात. बोटीवर बाहेरचं खाणं उघडायला परवानगी नसते, पण ताटाच्या कडेला चिमूटभर चटणी घेतली म्हणून कोणी बोलल्याचं मी पाहिलं नाही.

जेवण येतं टप्प्याटप्प्याने. आधी पाव-लोणी, मग सूप किंवा थंड काहीतरी, अर्ध्या तासाने मुख्य ताट, आणखी अर्ध्या तासाने गोड. साखरेचा त्रास असलेल्या माणसाने गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं याचा त्यात घोळ होतो. बोट सुटली की दोन तास उतरता येत नाही. आईंना किंवा बाबूजींना शुगर असेल तर एवढ्या एका कारणावरूनही मी नको म्हणेन. आणि आईंची एकादशी त्या दिवशी येते का, ते पैसे भरायच्या आधी कॅलेंडरात बघून घ्या. हे दर वर्षी कोणाचं तरी होतंच.

आता 'ड्रिंक्ससह'. या शब्दाचा अर्थ प्रत्येक बोटीवर वेगळा असतो. कुठे चढताना एक ग्लास स्पार्कलिंग वाइन दिली की झालं. कुठे दोन-तीन ग्लास. कुठे दोन तास हवं तेवढं, पण फक्त बियर, हाउस वाइन आणि कोल्ड्रिंक. व्हिस्की, रम, किंवा तिथली जेनेव्हर नावाची कडक दारू बहुतेक ठिकाणी वेगळ्या पैशाची. आणि 'हवं तेवढं' असलं तरी वाढणारी माणसं दोन-तीनच असतात, बोट भरलेली असते, ग्लास पुन्हा भरायला यायला वेळ लागतो. धक्का जवळ आला की वाढणं बंद. आपल्याकडच्या 'क्वार्टर'च्या मापाने विचार करून गेलेला माणूस निराश होतो. वाइन हळूहळू जेवणासोबत घेणाऱ्याला मात्र ते अगदी बरोबर पडतं.

तुमच्या चौघांत आई घेत नाहीत, तुमचं तुम्हाला माहीत, आणि बाबूजी आईसमोर घेत नाहीत. टेबल चौघांचं असतं, गुडघ्याला गुडघा लागतो. लपायला जागा कुठे? बाबूजी दोन तास संत्र्याचा रस पीत बसतील आणि शेजारच्या टेबलावर ओतल्या जाणाऱ्या बियरकडे बघत राहतील. त्यांच्यावर हा अन्याय कशाला करायचा! काही बोटवाल्यांकडे पेयांशिवायचं स्वस्त तिकीट मिळतं, पण ग्रुपच्या पॅकेजमध्ये तो पर्याय सहसा नसतो.

वर्धा जिल्ह्याच्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, म्हणून इथेच सांगतो. गांधीजींच्या सेवाग्राममुळे आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती. या बंदीचा तिकडे काही संबंध येत नाही, तिथे 18 वर्षांवरच्या माणसाला कायद्याने चालतं. संबंध येतो तो परतताना. विमानतळावर ड्यूटी फ्री दुकानातून प्रौढ माणशी 2 लिटरपर्यंत आणायला कस्टमची हरकत नसते. पण ती पिशवी घेऊन तुम्ही वर्धा जिल्ह्यात शिरलात की इथला दारूबंदीचा कायदा लागतो, आणि "साहेब, बिल आहे ना," हे उत्तर चालत नाही. जावईबापूंना आधीच सांगून ठेवा.

मग हा कार्यक्रम कोणासाठी चांगला? दोघंच जाणाऱ्यांसाठी, ज्यांना वाइन आवडते, मांसाहार किंवा निदान चीज-अंडं चालतं, ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान जाणार आहेत आणि ग्रुपच्या बसवर अवलंबून नाहीत. अशांना मी स्वतः आग्रह करतो. खिडकीकडचं दोघांचं टेबल वेगळे पैसे देऊन घ्या म्हणतो, कारण मधल्या रांगेत बसून दुसऱ्याच्या डोक्यावरून नहर बघण्यात अर्थ नाही. चीज आणि वाइनची दीड तासाची फेरीही असते. ती पूर्ण जेवणापेक्षा बरीच स्वस्त पडते.

तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगतो. ज्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुक्काम आहे त्या दिवशी सात वाजता भारतीय हॉटेलात जेवून घ्या. पॅकेजमध्ये रात्रीचं जेवण तसंही असतं, आधी ते बघा. पैसे भरलेलं जेवण सोडून बोटीवर पुन्हा पैसे भरू नका. जेवून साडेआठ-नऊच्या साध्या बोटीत बसा. सूर्यास्त बोटीत होईल आणि उतरता उतरता पुलांचे दिवे लागू लागतील. उन्हाळ्यात शेवटच्या फेऱ्या बऱ्याच उशिरापर्यंत असतात, पण नेमकी वेळ तिकीट काढताना बघा. बोटी सेंट्रल स्टेशनसमोरून, डामराकवरून आणि राइक्सम्युझियमजवळूनही सुटतात. तुमच्या हॉटेलकडे जायला सोयीचा धक्का निवडा, स्वस्त धक्का नको. ग्रुपची हॉटेलं बहुतेक शहराबाहेर, विमानतळाकडे असतात. रेल्वे रात्री उशिरापर्यंत मिळते आणि ट्राम-रेल्वेत आता कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड दारात टेकवून जाता येतं. प्रत्येकाकडे वेगळं कार्ड लागतं, एकावर चौघं जात नाहीत. निघायच्या आधी बँकेत जाऊन कार्डावर परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं चालू करून घ्या. टूर मॅनेजरला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही आमच्या जबाबदारीवर परत येऊ.

ग्रुपमध्ये तुमच्या ओळखीची दहा-बाराजणं असतील तर याहून चांगला मार्ग आहे. चालक असलेली छोटी खाजगी बोट तासाच्या हिशोबाने मिळते, साधारण 200 युरोंच्या आसपास, बोट आणि दिवस बघून कमी-जास्त. दहाजणांत वाटली तर साध्या तिकिटाएवढीच पडते, आणि चाळीस वर्षांचा केक बोटीतच कापता येतो. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. छोट्या उघड्या बोटीत शौचालय नसतं, मोठ्या काचेच्या बोटीत असतं. आणि गारवा. आर्वीत 45 डिग्री सोडून निघालेलं माणूस मे महिना म्हणून स्वेटर बॅगेतच ठेवतं. तिथे त्या दिवसांत संध्याकाळी तापमान 10-12 डिग्रीवर येतं आणि पाण्यावरून वारा असतो. आईंच्या कानाला स्कार्फ, बाबूजींना कानटोपी. स्वतः चालवायची छोटी बोटही विनापरवाना मिळते. जावईबापूंना मोह होईल, होऊ देऊ नका. त्या नहरींतून वीस-वीस मीटरच्या प्रवासी बोटी वळत असतात.

आईंना पाण्याची भीती असेल तर तीही समजून घ्यायला पाहिजे. 2021 साली वर्धा नदीत झुंजजवळ नाव उलटली होती, आपल्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमला बोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट घालायला देत नाहीत, त्यामुळे आपली बायामाणसं आणखी घाबरतात. पण या नहरी साधारण तीन मीटर खोल, पाणी जवळपास उभं, बोट सपाट तळाची आणि चाल माणसाच्या भरभर चालण्याएवढी. हेलकावा जाणवतो तो फक्त स्टेशनमागच्या मोठ्या पाण्यात, त्याला आय म्हणतात, तिथे बोट निघते तेव्हा. खोलीबद्दल तिथल्या लोकांचा एक विनोद आहे : एक मीटर पाणी, एक मीटर गाळ आणि एक मीटर सायकली. सायकलींचं खरं आहे, दर वर्षी हजारोंनी काढतात. चढताना दोन-तीन उभ्या पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, तेवढा एक हात आईंना द्या.

बाबूजी शेतकरी असतील तर पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, "या नहरीचं पाणी कोनाच्या वावरात जाते?" प्रत्येक ग्रुपमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. निम्न वर्धा धरणाच्या पाण्याच्या पाळीची वाट बघण्यात हंगाम गेलेल्या माणसाने दुसरं काय विचारावं? उत्तर सांगून ठेवतो. कोणाच्याच वावरात नाही. सतराव्या शतकात शहर वाढवताना माल ने-आण करायला, पाणी काढून टाकायला आणि संरक्षणाला म्हणून या नहरी एकाबाहेर एक अशा अर्धगोलाकार खणल्या. एकूण शंभर किलोमीटरहून जास्त भरतात, पूल दीड हजारांच्या आसपास, आणि त्यांचा मधला पट्टा 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पाण्याची पातळी दारं आणि पंपांनी समुद्राच्या ठरलेल्या पातळीपेक्षा सुमारे 40 सेंटिमीटर खाली धरून ठेवतात. पाणी साचून कुजू नये म्हणून ते खेळवत राहतात.

मग त्यांना घरांचे माथे दाखवा. बऱ्याच घरांच्या टोकाला पुढे आलेलं एक लाकूड दिसेल, त्याला लोखंडी आकडा. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद, म्हणून माल दोर लावून त्या आकड्यावरून वर ओढायचा. मिरी, लवंग, दालचिनी अशीच वरच्या गोदामात जायची. ओढताना माल भिंतीला घासू नये म्हणून कितीतरी घरांचा पुढचा भाग मुद्दाम जरासा पुढे झुकवून बांधलाय. बाजूला झुकलेली जी दिसतील ती मात्र मुद्दाम नाहीत, खालचे लाकडी खांब खचलेत. सगळं शहर दलदलीत ठोकलेल्या खांबांवर उभं आहे. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे 13,659 खांब आहेत. हे सगळं साध्या फेरीत कानाला लावायच्या यंत्रातून ऐकायला मिळतं. बऱ्याच बोटींवर हिंदीही असते, मराठी नाही. जेवणाच्या बोटीवर मात्र संगीत लावतात आणि माहिती जवळपास बंद ठेवतात. बाबूजींसारख्या माणसाला त्या फेरीत हीच गोष्ट सगळ्यात कमी पडेल.

तुमच्या टूरमध्ये पॅरिस असेल तर सीन नदीची बोट बहुधा पॅकेजमध्येच असते. दिव्यांची हौस तिथे भागवा, टूर मॅनेजरच्या मागे लागून ती शेवटच्या फेरीला ढकलता येते का बघा. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं आयफेल टॉवर चमचमतो, ते नदीतून बघायला मिळालं तर अ‍ॅमस्टरडॅममधले दिवे चुकल्याची हळहळ राहत नाही.

टूरवाल्याला 110 युरो आधीच भरून टाकले असतील तर घाबरू नका. ऐच्छिक कार्यक्रम निघायच्या आधी बहुतेकदा रद्द करता येतो, अट पावतीच्या मागे छापलेली असते. रद्द होत नसेल तर आजच दोन निरोप पाठवा : आईंसाठी 'व्हीगन, अंडं आणि जिलेटिन नको' आणि चौघांसाठी खिडकीकडचं टेबल. निघायच्या आधी त्याचं लेखी उत्तर मागून घ्या, आणि त्या संध्याकाळी आईंना पाच वाजता हॉटेलवर दोन घास खाऊ घालूनच बोटीकडे निघा.